माझ्या हॉलमध्ये पान हलत नाही

आधीच सांगून ठेवते, कॉपी या प्रकाराचा मला भयंकर तिटकारा आहे. बिदर जिल्ह्यातल्या सरकारी मराठी शाळांत माझी अठ्ठावीस वर्षं गेली. बोर्डाच्या परीक्षेला मंगलटीचर आपल्या हॉलला आहेत असं कळलं की अर्धी पोरं दारातूनच घाम पुसत यायची. एकानं माझ्यासमोर चिठ्ठी गिळली होती. मी त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हटलं, "गिळलास ती गिळलास, आता मोज्यातली काढ." निघाली! माझ्या हॉलमध्ये पान हलत नाही, हे वाक्य मी स्वतः म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त कोणी विसरलं तर आठवण करून देते.

तर अशा बाईला एका प्राध्यापकानं कॉपीच्या प्रकरणात कॉलेजात बोलावून घ्यावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मी तर त्या दिवसापासून बिदरमधल्या आमच्या नौबादच्या बाजारात मान खाली घालून भाजी घेते.

आमची रूपाली बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी नावाचा पेपर आहे. माणूस बघतो कसा, लक्षात ठेवतो कसा आणि विसरतो कसा, याचा अभ्यास. "इसरण्याचा अभ्यास करायला कॉलेज कशाला लागतंय?" असं तिचे बाबा म्हणाले. ते म्हणजे नागसेन, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. तिथं हा विषय फुकट शिकायला मिळतो. रूपालीला मात्र पुढं कलबुर्गीला एम. ए. करायचं आहे, समुपदेशक व्हायचं आहे. लोक रडत येणार आणि ही ऐकून घेणार. घरात आईचं एक वाक्य पुरतं ऐकत नाही, पण ते असो.

या पेपरचे नियम तिनं फ्रिजवर चिकटवले होते. पंचाहत्तर टक्के हजेरी, दोन चाचण्या, एक सेमिनार, आणि वीस गुणांचा एक प्रयोग. प्रयोग दिला नाही तर हॉल तिकीट नाही. हॉल तिकीट नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर कलबुर्गी नाही. प्रयोग असा, की वीस शब्दांची वीस कार्डं एकेक करून माणसाला दाखवायची, मग कागद द्यायचा आणि किती आठवतात ते त्यानं लिहायचं. अशी दहा माणसं, म्हणजे त्यांच्या भाषेत दहा 'प्रयोज्य', हवीत. वयानं पन्नासच्या वर हवीत, आणि नातेवाईक चालणार नाहीत.

हे शेवटचं कलम नागसेननी मनाला लावून घेतलं. "म्हंजे बापाच्या डोक्याची काही किंमतच न्हाई," म्हणून ते दोन दिवस पेपर वाचत बसले. पण शेजारी होते. आमच्या गल्लीत पन्नासच्या वरची माणसं पोत्यानं आहेत.

पहिला नंबर बाबूलालमामांचा. हे सरकारी बसचे निवृत्त कंडक्टर. बिदर ते औराद मधले सगळे थांबे, प्रत्येक थांब्यावर कोण चढायचं आणि कुणाच्या हातात कोंबडी असायची, सगळं त्यांना तोंडपाठ. "रूपा, वीसच शब्द? जास्ती न्हाईत का?" असं म्हणत ते बसले. रूपालीनं कार्डं दाखवली. मामांनी कागद हातात घेतला, वर पंख्याकडं बघितलं, खाली फरशीकडं बघितलं, आणि सात शब्द लिहिले. त्यानंतर पाच मिनिटं नुसता घाम लिहिला.

"लई भारी मामा," रूपाली म्हणाली. "सात म्हणजे अगदी बरोबर."

मामांना हे खोटं वाटलं. वीसपैकी सात म्हणजे बरोबर कसं? ते चहा न घेता उठले आणि चपला उलट्यासुलट्या घालून गेले. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी त्या वेळी चहा परत पातेल्यात ओतत होते.

दुसऱ्या दिवशी नवीन अडचण. प्रत्येकाची संमतीपत्रावर सही हवी आणि वयाचा पुरावा हवा. आमच्या पलीकडं अंकुशराव राहतात, बी-बियाणांचं दुकान आहे, शेती औरादकडं. सही म्हटल्याबरोबर त्यांनी हात खिशात घातले.

"सही कामून पायजे, टीचर?"

"तुम्ही स्वखुशीनं भाग घेताय म्हणून."

"स्वखुशीनं घ्यायलाव तर सही कशाला? माझ्या आज्यानं एकदा स्वखुशीनं सही केली, तवाधरनं बांध तीन हात आत आलाय."

ते संमतीपत्र त्यांनी वकिलाला दाखवून आणलं. वकिलानं वाचून सांगितलं की यात जमिनीचा उल्लेख नाही, पण डोक्याचा आहे, तेव्हा विचार करा.

अंकुशरावांच्या सत्यभामाबाईंचं वेगळंच. त्यांच्या आधार कार्डावर वय त्रेपन्न आणि त्यांचं म्हणणं सत्तेचाळीस. "आधारवाल्यानं घाईत कायबी घातलंय," म्हणाल्या. मग पन्नासच्या वरच्या प्रयोगात बसायचं कसं? मी शब्द दिला, की त्यांचं वय, पुरावा, कागद, सगळं एका पाकिटात घालून मी लाखेनं सील करीन आणि ते कॉलेजच्या सरांशिवाय कुणीही फोडणार नाही, अगदी रूपालीसुद्धा नाही. "शपथ?" त्यांनी विचारलं. मी शपथ घेतली. शपथ घ्यायच्या आधी माणसानं एक ग्लास पाणी प्यावं आणि पुढचं मागचं बघावं, हे मला आता पटलं आहे.

एवढ्यात कॉलेजचं एनएसएसचं शिबिर लागलं. आठवडाभर औराद तालुक्यात एका खेड्यात रस्ता झाडायचा आणि स्वच्छतेवर पथनाट्य करायचं. तेही सक्तीचं. आणि ज्या दिवशी रूपाली परत येणार, त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयोग द्यायची शेवटची तारीख. रूपाली रडकुंडीला आली. नियमावली पुन्हा वाचली तर एक ओळ सापडली: गरज पडल्यास सहायक पर्यवेक्षक नेमता येईल, त्याचं नाव अहवालात द्यावं.

"पर्यवेक्षक!" मी म्हटलं. "अगं, मग रडायलीस कामून?"

रूपालीच्या चेहऱ्यावर शंका होती. "आई, हे बोर्डाची परीक्षा न्हाई. लोकांना भ्या घालायचं न्हाई."

"मी कधी कुणाला भ्या घातलंय?" मी विचारलं. नागसेननी पेपर आणखी वर धरला.

ती गेल्यावर मी तयारी केली. एकेक कार्ड दोन सेकंद दाखवायचं असतं, कमी नाही की जास्त नाही. दोन सेकंद म्हणजे किती हे हाताला कळावं म्हणून मी अंगणात खुर्ची टाकून रंगीत तालीम घेतली. समोर कुणी नव्हतं, फक्त एक जाईची वेल होती. मी एकेक कार्ड उचलायचं, मोठ्यानं शब्द म्हणायचा, घड्याळ बघायचं, कार्ड खाली ठेवायचं. चिमणी! कुलूप! बैल! लिंबू! असं चाललं होतं. मधेच हवाईदलाचं विमान डोक्यावरून गेलं. बिदरला राहायचं तर दिवसातून दहादा बोलणं तोडून वर बघावं लागतं. पण मी तोडलं नाही, घड्याळ चालू होतं. एका तालमीतच हात बसला. पलीकडं सत्यभामाबाईंच्या अंगणात पापड लाटायला बायका जमल्या होत्या, त्या एकदम गप्प झाल्यासारख्या वाटल्या. मला वाटलं, शिस्तीचा परिणाम.

दुसऱ्या दिवसापासून मी रीतसर प्रयोग सुरू केला. आमचा हॉल झाडून घेतला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला नवा हार घातला, त्याखाली एक टेबल, एक खुर्ची. रोज एक किंवा दोन माणसं. आत येताना पिशवी बाहेर, मोबाइल नागसेनकडं. शाळेतून मी घंटा आणली होती, ती वाजवायची.

पहिले अंकुशराव, शेवटी सही करून आलेले. कार्डं बघताना त्यांनी डोळे जवळजवळ मिटलेलेच होते. कागद हातात आल्याबरोबर मात्र खाली वाकून सरासरा लिहीत सुटले. ओठ हलत होते, पाय ताल धरून हलत होता. मी ओळी मोजल्या. वीस!

मी थक्क झाले. दुकानात उधारी कुणाची राहिली हे न आठवणारा माणूस! मग सत्यभामाबाई आल्या. वीस. पाठोपाठ आलेल्या दोघांनाही वीस. चंद्रम्माअक्का आमच्या पाठच्या घरात राहतात, कन्नड बोलतात, मराठी त्यांना कळतं पण लिहिता येत नाही. त्यांनी सगळे शब्द कन्नड लिपीत लिहिले. एकोणीस! "अय्य यव्वा, एक सुटला," म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. मी त्यांची पाठ थोपटली.

खरं सांगते, माझी छाती अभिमानानं भरून आली होती. हा प्रयोगाचा गुण नव्हता, हा पर्यवेक्षणाचा गुण होता. वातावरण शांत असलं, शिस्त असली, की माणसाची बुद्धी आपोआप फुलते, हे मी नागसेनना रोज जेवताना समजावून सांगायची. ते म्हणायचे, "मला बसवलं असतंत तर मीबी फुललो असतो."

त्या आठवड्यात पलीकडं पापडांचा नुसता कारखाना चालला होता. गल्लीतल्या सगळ्या बायका, आणि नवल म्हणजे बाबूलालमामा आणि अंकुशरावसुद्धा पोळपाटाशी. सत्यभामाबाई पाळणा म्हणायच्या आणि बाकीचे साथ द्यायचे. गाणं मोठं गमतीचं होतं. सकाळी भाकरी थापताना, संध्याकाळी भांडी घासताना भिंतीवरून माझ्या कानावर पडायचं:

चिमणीनं कुलूप लावलं बैलाला,
लिंबू दिलं खिडकीतल्या ढगाला,
सुईनं मीठ घातलं राजाला,
टमाटा चढला शिडीवर, जो बाळा जो जो...

पुढंही पुष्कळ होतं. कुणाच्या घरात पाळणा हलणार आहे, असं मी विचारलंसुद्धा. सत्यभामाबाई गडबडून म्हणाल्या, "असंच, आपलं पापडाला." आता तुम्ही म्हणाल, एवढी कडक पर्यवेक्षक, हिला कळलं कसं नाही? अहो, परीक्षा हॉलमध्ये असते. हॉलच्या बाहेर लोक काय गातात हे बघणं पर्यवेक्षकाच्या कामात येत नाही. आणि चाल खरोखरच चांगली होती. मीही दोन-चारदा गुणगुणले.

शिबिराहून रूपाली आली ती पायाला फोड आणि आवाज बसलेला अशी. मी तिच्यापुढं निकालाचा तक्ता ठेवला. ती बघतच राहिली.

"आई, सगळ्यांना वीस?"

"चंद्रम्माक्काला एकोणीस. विमान गेलं तेव्हा."

"अगं, पुस्तकात सात-आठ दिलंय. फार तर दहा. मला कागद दाखव."

"सील झालंय," मी म्हटलं. लाखेचं सील होतं, चार ठिकाणी, वर माझी सही. "सत्यभामाबाईला मी शपथ दिलीय. आणि पुस्तक लिहिणारा नौबादला येऊन गेलाय का कधी?"

तिनं पाकीट उलटसुलट करून लाख तपासली. पण रात्र झाली होती, सकाळी द्यायचं होतं, आणि शेवटी मी तिची आई होते. तिनं माझ्या तक्त्यावरून अहवाल लिहिला, पाकीट जोडलं आणि नेऊन दिलं.

चौथ्या दिवशी ती कॉलेजातून घरी आली ती सरळ आत जाऊन पालथी पडली. तिचे मृत्युंजय सर म्हणाले होते, हा प्रयोग खोटा आहे. आकडे घरी बसून बनवलेत. वीसपैकी शून्य, हॉल तिकीट थांबवलं. आणि उद्या सहायक पर्यवेक्षकाला घेऊन ये.

"मी न्हाई बनवले गं, आई," एवढंच ती म्हणत होती. तिला कधी मी तशी रडताना पाहिलं नव्हतं. माझं डोकं तापलं. मी अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या आईबापांना बोलावून घेत आले. मला? माझ्या पोरीला खोटं ठरवतात?

ही बातमी भिंतीपलीकडं जायला किती वेळ लागतो? सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून बाहेर आले तर अंकुशरावांचा बियाणांचा टेम्पो दारात उभा आणि त्यात अख्खी गल्ली बसलेली. "आमी साक्ष द्यायला यायलाव," अंकुशराव म्हणाले. सह्यांना घाबरणारा माणूस साक्षीला निघाला होता! माझे डोळे भरून आले. मी पुढं बसले. बाबूलालमामा मागं उभे राहून सवयीनं टेम्पोचा पत्रा बडवत होते.

मृत्युंजय सर वयानं माझ्या विद्यार्थ्याएवढे, पण नजर तिखट. आम्हाला आत बोलावलं, मंडळींना दाराबाहेर थांबवलं. मराठी चांगलं बोलत होते, कन्नड वळणाचं.

"बसा टीचर. तुम्ही खूप कडक आहात असं ऐकलं मी."

"माझ्या हॉलमध्ये पान हलत नाही," मी म्हटलं. कुणीच म्हणत नसेल तर आपल्याला म्हणावं लागतं.

"मग मला एक शिकवा. कॉपी तुम्ही पकडता कशी?"

हा माझा विषय. मी खुर्चीत सरसावून बसले. "असं बघा सर, दोन पोरांचं उत्तर बरोबर असलं तर काही सिद्ध होत नाही. बरोबर उत्तर कुणाचंही येतं. पण चूक ज्याची त्याची वेगळी असते. दोघांची चूक सारखी आली, की समजायचं एकानं दुसऱ्याचं बघितलं."

"फार छान," सर म्हणाले, आणि माझंच पाकीट उघडून नऊ कागद टेबलावर मांडले. सगळ्यांची सुरुवात चिमणीपासून. अंकुशरावांनी तर "चिमणीनं" असं लिहिलं होतं. "क्रम सोडून द्या. हा दहावा शब्द वाचा. सगळ्यांचा."

"टमाटा."

"बरोबर आहे की चूक?"

"बरोबर!" मी म्हटलं. "मी स्वतः दाखवलंय ते कार्ड. लाल चित्र होतं त्यावर, हिरवं देठ होतं."

रूपालीनं माझ्याकडं असं बघितलं, की मला अजून आठवतं. "आई," ती हळू म्हणाली, "कार्डांवर चित्रंच न्हाईत. नुसते शब्द आहेत."

सरांनी वीसच्या वीस कार्डं माझ्यापुढं पसरली. मी एकेक बघितलं. पुन्हा बघितलं. उलटी करून बघितली. चिमणी होती, शिडी होती, राजा होता. चष्मा म्हणून एक कार्ड होतं, ते मला अगदी नवीन वाटलं. टमाटा कुठंच नव्हता.

मी शपथेवर सांगते, तो टमाटा मी पाहिला होता. अजूनही डोळे मिटले की दिसतो.

तेवढ्यात दार ढकलून सत्यभामाबाई आत आल्या. पाठोपाठ सगळेच. "बगा, मी म्हणलं न्हवतं का, एक शब्द विमानात गेलाय म्हणून? टीचर अंगणात मोठ्यानं वाचत होत्या, सगळे ऐकू आले, त्यो एकच न्हाई आला. मग पाळण्यात काय घालायचं? चंद्रम्माक्का समोर टमाटे चिरायली होती."

"मी कांदा चिरत होते!" चंद्रम्माअक्का म्हणाल्या. "टमाटा अंकुशअण्णानी सांगितलं."

"खोटं नगा बोलू," अंकुशराव म्हणाले. "टमाटा पहिल्यापासनंच होता."

मला काही समजेना. "पण का?" मी ओरडले. "माझ्याच घरात? बाबासाहेबांच्या फोटोखाली कॉपी करायची? तुम्हाला लाज कशी वाटली नाही?"

बाबूलालमामा पुढं आले. टोपी हातात घेतलेली.

"माझ्यापासनं झालं समदं, टीचर. मला वीसातले सातच आले. पोरीला पयल्याच पेपरात सात मार्क पाडले मी. घरी जाऊन जेवण गेलं न्हाई. आपली पोर कलबुर्गीला जायची म्हणायली, आन् आपुन तिला नापास करायचं? मग मीच समद्यांना गोळा केलो. म्हणलं, म्या पाडलं, आता तुमी तरी पुरे मार्क आणा." मग ते सरांकडं वळले. "सर, तिला ठाऊक न्हवतं. तिचे कापू नगा. माझे सातबी कापा पायजे तर."

सरांनी चष्मा काढला. "अण्णा," ते म्हणाले, "तुम्हाला किती आठवतात यावर तिचे मार्क नाहीत."

"मग कशावर हाईत?" अंकुशरावांनी विचारलं.

"जे झालं ते तिनं खरं लिहिलं की नाही, यावर."

टेम्पोभर माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. सत्यभामाबाईंनी डोक्याला हात लावला. "म्हंजे आठ दिस पापड लाटत गायलाव ते काय?"

मी सरांना म्हटलं, की चूक माझी आहे, शिक्षा मला द्या. पर्यवेक्षकाला मार्क नसतात, असं सर म्हणाले. नियम म्हणजे नियम, हा प्रयोग धरता येणार नाही. माझी मान खाली गेली. पोरीचं वर्ष मी माझ्या आवाजानं घालवलं होतं.

आणि रूपाली? ती रडत असेल म्हणून मी वर बघितलं, तर ती माझ्याकडंच टक लावून बघत होती. प्रयोगशाळेतल्या बेडकाकडं बघावं तसं.

"सर," ती म्हणाली, "चष्म्याच्या जागी सगळ्यांनी टमाटा पाठ केला, ते कळलं. पण आईनं पाठ केला न्हवता. कार्डं तर तिच्याच हातात होती, रोज. मग तिला तो दिसला कसा? देठासकट?"

सर हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. "कार्डं आता पुरे. हेच लिही. शनिवारपर्यंत."

मग तीन दिवस आमच्या व्हरांड्यात जी चौकशी चालली, ती मी माझ्या शत्रूवरही येऊ देणार नाही. रूपालीनं प्रत्येकाला वेगवेगळं बसवून विचारलं, टमाटा पहिल्यांदा कोण म्हणालं? प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं आणि प्रत्येकाला अगदी स्पष्ट आठवत होतं. बाबूलालमामांना तर विमानाचा रंगसुद्धा आठवत होता, तो रोज वेगळा होता. शेवटी माझा नंबर. पाळणा किती वेळा ऐकलास? स्वयंपाक करताना म्हणायचीस का? देठ कोणत्या बाजूला होतं? मी चिडून म्हटलं, "उजव्या!" तिनं तेही लिहून घेतलं. नागसेनना मात्र काही विचारलं नाही, नातेवाईक म्हणून. ते फार नाराज होते. खरं म्हणजे मंडळींचे मोबाइल सांभाळताना, आत जाण्याआधीची त्यांची पुटपुट ऐकून त्यांनी पाळणा केव्हाच ओळखला होता आणि मजा बघत बसले होते, हे मला नंतर कळलं. त्यांच्याशी मी चार दिवस बोलले नाही.

काल गुण आले. संध्याकाळी सगळे अंगणात, भिंतीच्या दोन्ही बाजूंना जमले होते. पापड भाजले होते. पापडांची तर आता दोन वर्षं काळजी नाही. रूपालीनं कागद उघडला आणि वाचलं, "वीसपैकी अठरा." हॉल तिकीटही सुटलं होतं. पोरगी माझ्या गळ्यात पडली आणि मीही, घंटा न वाजवता, रडून घेतलं.

"आन् माझं काय लिवलंय?" बाबूलालमामा विचारत होते.

"प्रयोज्य क्रमांक एक, सात शब्द. हा एकच निकाल विश्वासार्ह," रूपालीनं वाचलं.

मामा ताठ उभे राहिले. "एकच," ते अंकुशरावांना म्हणाले. "पुरे वीस आणून काय केलाव?" आता ते सगळ्या नौबादला स्वतःचे सात सांगत फिरणार, याबद्दल मला शंका नाही.

"खाली आणखी एक ओळ आहे," रूपाली म्हणाली आणि थांबली. तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं होतं.

"वाच."

"सहायक पर्यवेक्षक यांना पुढील प्रयोगात पर्यवेक्षक म्हणून नेमू नये. प्रयोज्य म्हणून अवश्य घ्यावे."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. अठ्ठावीस वर्षं! असं कुणी कागदावर लिहितं का? मी स्वतः वाचल्याशिवाय मानणार नव्हते. कागद हिसकावून घेतला तर अक्षरं सगळी अंधुक. मी खुर्चीवर बघितलं, कट्ट्यावर बघितलं, आणि संतापाच्या भरात नेमका शब्दच तोंडात येईना.

"अगं दे की ते," मी रूपालीला म्हटलं. "ते गं, ते माझं... ते कुठं ठेवलंय मी? ते..."

"काय, आई?"

आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी अख्खी गल्ली एका सुरात ओरडली, "टमाटा!"